नित्यदांच्या दुकानाची जमीन

“पाय झटक,” नित्यदा म्हणाले.

उंबऱ्यावर थांबून मी आधी एक, मग दुसरा तळवा काथ्याच्या पायपुसण्यावर घासला. माझ्यामागून तापसीनं, म्हणजे नित्यदांच्या मुलीनं, घासला. बंगालमधल्या कटव्याच्या सोनारगल्लीत दुकानात शिरताना कुणी काही म्हणत नसे, बाहेर पडताना मात्र पाय झटकावे लागत आणि घंगाळात हात बुडवावे लागत. कानशीखालचा सोन्याचा कीस डोळ्यांना दिसत नाही, पण तळव्याला चिकटतो. वर्ष सरलं की घंगाळाच्या तळाचा गाळ, झाडलेला केर आणि झिजलेलं पायपुसणं असं सगळं आमच्या घरी यायचं. आम्ही गलाईवाले. त्या केरातून सोनं काढून ज्याचं त्याला परत देणं हा आमचा धंदा.

“आजच्यापुरतं झटका,” नित्यदा हसून म्हणाले. “उद्या मुळीकबाबू जमीनच उचलून नेणार. मग नाचा इथं हवं तेवढं.”

मुळीकबाबू म्हणजे माझे वडील, तात्या. ते दुकानाच्या मध्यभागी उकिडवे बसले होते. नित्यदांचे आजोबा, वडील आणि नित्यदा स्वतः एकाच जागी बसून काम करत आल्यामुळे त्या मातीच्या जमिनीला बशीसारखा खळगा पडला होता. तात्यांनी खळग्यातली चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली, उजेडाकडे धरली.

“काय म्हणतेय जमीन?” नित्यदांनी विचारलं.

“तीन पिढ्यांची आहे. काही कमी नाही निघायचं.”

“म्हणजे किती?”

“तापसीच्या हातागळ्याचं निघेल.”

“काकू, राणीहार निघेल?” तापसीनं विचारलं. बंगालीत चुलत्याला लाडानं काकू म्हणतात. कटव्यात आल्यावर पहिल्यांदा ही हाक ऐकली तेव्हा आई पदर तोंडाला लावून हसली होती. अजूनही तात्यांवर चिडली की ती त्यांना ‘मिशावाली काकू’ म्हणायची.

“राणीहार निघाला तर मीच घालून बसेन,” तात्या म्हणाले आणि सगळे हसले.

नित्यदा दुकान विकत होते. तिथं तयार कपड्यांचं दुकान येणार होतं, आणि त्या माणसाला खाली चकचकीत फरशी हवी होती. “कारागीर मुंबईला गेले, गिऱ्हाईक कलकत्त्याला गेलं,” नित्यदा म्हणायचे, “मी कुठं जाऊ? मी आपला घरी जातो.” तापसीचं लग्न अग्रहायणात, म्हणजे आपल्या मार्गशीर्षाच्या सुमारास, ठरलं होतं, नवद्वीपच्या एका शाळेतल्या कारकुनाशी. सोनाराची मुलगी, तिच्या अंगावर काय आहे हे बघायला आधी सोनारच येणार. आणि नित्यदांपाशी द्यायला सोनं नव्हतं. ही गोष्ट फक्त तात्यांना माहीत होती. त्या जमिनीवर नित्यदांची सगळी भिस्त होती.

आमचं गाव विट्याजवळ, कुरणवाडी. पाऊस न पडणारं. गावातली निम्मी घरं कुलपात असतात, कारण घरटी कुणी ना कुणी देशात कुठंतरी सोनं गाळत बसलेलं असतं. माझा एक चुलता एर्नाकुलमला, एक अमृतसरला, मावशी मदुरैला, आत्याचे यजमान इम्फाळला. शाळेत भूगोलाच्या शीलादींनी एकदा नकाशासमोर उभं करून मदुरै कुठं आहे विचारलं, तेव्हा मी म्हणाले, “मावशीकडे.” सगळा वर्ग हसला. पण मला देश तसाच कळला होता, माणसांवरून. न कळलेलं एवढंच होतं, की आमच्या गल्लीतली पोरं मुंबईला जाऊन दागिने घडवतात आणि मुंबईच्या बाजूचे आम्ही कटव्यात येऊन त्यांच्या बापांचा केर जाळतो, हे असं कुणी ठरवलं. ते शीलादींनाही सांगता आलं नसतं.

तात्या कटव्यात आले तेव्हा त्यांना बंगालीत पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. पहिला केर नित्यदांनी दिला. दिला म्हणजे पोतं डोक्यावर ठेवलं आणि हातानं खूण केली, जा. केर घेऊन परदेशी माणूस पळून गेला असता तर त्यांनी काय केलं असतं, असं मी एकदा त्यांना विचारलं होतं. “पळणाऱ्याच्या बायकोनं दारात तुळस लावली नसती गो,” ते म्हणाले होते.

जमीन उकरायला दोन माणसं लागली. हातभर खोल खणून माती पोत्यांत भरून आमच्या परसात आणली. ती जाळायची, कुटायची, चाळायची, पाण्यात घोळायची, पाऱ्यात धरायची, मग मुशीत घालून आटवायची. आमच्या धंद्यात रिवाज असा की आटलेल्या सोन्याची लगड ओतताना मालकानं समोर बसायचं. नित्यदा कधी बसले नाहीत. या वेळीही तात्यांनी निरोप पाठवला, तर उत्तर आलं, “आता म्हातारपणी मला पहारेकरी करू नका.”

ते बसले असते तर पुढचं काहीच झालं नसतं.

मी शाळेतून आले तेव्हा तात्या परसात मूस उपडी करून बसले होते. समोरच्या फरशीवर सोन्याचा एक मणी होता. हरभऱ्याएवढा.

“एवढंच?” मी विचारलं.

तात्यांनी घोळून टाकलेली माती पुन्हा गोळा केली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला जे हाती आलं ते मण्याजवळ ठेवलं तर वाऱ्यानं उडालं असतं.

“आवं, चुकलं काय?” आई दारातून म्हणाली.

“चुकलं. माझंच चुकलं.” तात्यांनी हातावरची राख झटकली. “मी जमिनीचं वय बघितलं. वर बसलाय कोन ते बघितलं न्हाई. त्या माणसाच्या हातनं आयुष्यात काय सांडलंय का? त्येचा बाप तसाच, आजा तसाच. कीस पडला तर कागदावर पडनार, कागद झाडून पुन्यांदा मुशीत. जमिनीत कुठनं येनार?”

“मग सांगा तसं त्येंना.”

“काय सांगू? पोरीच्या हातागळ्याचं निघंल म्हनून बसलोय. त्येनी नवद्वीपच्या लोकांस्नी शबूद दिलाय माझ्या जिवावर.”

आई आत गेली. मला वाटलं स्वयंपाकाला गेली. ती परत आली तेव्हा तिच्या मनगटांवर लाल वळ होते. साबण लावून पाटल्या काढल्या होत्या. तिनं त्या फरशीवर ठेवल्या. लग्नात तिच्या वडिलांनी घातलेल्या, बैल विकून.

“त्येंची पोरगी उजवायची आन आपली ऱ्हायली,” ती म्हणाली. आवाजात राग होता, पण पाटल्यांवरून हात काढून घेतला होता.

“हौसा…”

“आता नाव घेऊ नगा. पेटवा भट्टी. माझ्या पाटल्या बंगालच्या जमिनीत उगवल्या म्हनायच्या. आन तू गं शालन, तोंडाला कुलूप. तापसीला कळलं तर चामडी लोळवीन.”

पाटल्यांमधला तांब्याचा भाग तेजाबात घालवावा लागतो, नाहीतर जाणता सोनार रंगावरून ओळखेल. तात्यांनी ते काम फार शांतपणे केलं. तेजाबाच्या पिवळ्या वाफेत त्यांचा चेहरा दिसत नव्हता. लगड ओतली तेव्हा मी तिथंच होते. ती सुंदर होती, बंगाली सोनार ज्याला ‘पाका शोना’, शुद्ध सोनं, म्हणतात तशी.

नित्यदांना बोलावलं. ते धुतलेलं धोतर नेसून आले, जणू कुणाच्या घरी पान-सुपारीला आले आहेत. आईनं चहा ठेवला. तात्यांनी फडक्यातली लगड त्यांच्या हातावर ठेवली.

नित्यदांनी ती तोललीच नाही. हातावरचं वजन त्यांना काट्यापेक्षा आधी कळायचं. ते आधी हसले. मग त्यांचं हसू तसंच राहिलं आणि त्यामागचा चेहरा बदलत गेला.

“इतकं?” ते म्हणाले.

“तीन पिढ्या नित्यदा. म्हटलं होतं ना.”

“इतकं माझ्या जमिनीत होतं?”

“होतं म्हणून तर निघालं.”

ते खाली बसले. बाकावर नाही, जमिनीवर. चहाची कपबशी घेऊन आई दारातच थांबली.

“मुळीकबाबू, माझा धाकटा भाऊ गौर मुंबईला का गेला, तुम्हाला ठाऊक आहे?”

“कामासाठी. सगळे जातात तसा.”

“मी तसंच सांगितलं सगळ्यांना.” नित्यदांनी लगड मुठीत घट्ट धरली होती. “तो आणि मी समोरासमोर बसायचो. कानस मारली की थोडी घट येते, ती प्रत्येक दुकानाची ठरलेली असते. माझ्या दुकानाची घट नखाएवढी. एका वर्षी ती वाढायला लागली. गिऱ्हाइकाच्या सोन्यात भर मी माझ्या पदरची घालायचो. दुकानात हात दोनच माणसांचे. माझे माझ्या ओळखीचे होते. मी त्याला चोर म्हटलं. आईसमोर म्हटलं. तो काही बोलला नाही, पिशवी घेऊन गेला. आईनं त्यानंतर माझ्या हातचं पाणी घेतलं नाही, मरेपर्यंत.” त्यांनी मूठ उघडली. “आणि हे सगळं माझ्याच खाली होतं. मी त्याच्यावर बसलो होतो.”

मी तात्यांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. आई दारातून त्यांच्याकडेच बघत होती.

“नित्यदा,” तात्या म्हणाले, “जमिनीचं काही सांगता येत नाही. हे जुनं असेल. आजोबांच्या वेळचं.”

“आजोबांच्या हातून?” नित्यदा म्हणाले. “नाही. माझाच हात सैल झाला असणार, आणि मला कळलं नाही.”

त्या वेळी खरं सांगितलं असतं, तर त्यांनी लगड तिथंच ठेवली असती. त्यांनी कुणाचं फुकट घेतलं नसतं, आणि मराठी बाईच्या पाटल्या तर मुळीच नाही. मग तापसी लंकेच्या पार्वतीसारखी बोहल्यावर उभी राहिली असती, नाहीतर नवद्वीपचे लोक परत गेले असते. तात्यांनी हे सगळं मनात मांडलं असणार. नित्यदा गेल्यावर ते आईला एवढंच म्हणाले, “लगीन होऊ दे. मग सांगतो.”

दुसऱ्या दिवशी नित्यदा सकाळीच आले. “मुंबईला तुमचे लोक आहेत ना झवेरी बाजारात? गौरला निरोप द्यायचाय. माझा फोन तो घेणार नाही.”

तात्यांचा चुलतभाऊ संपत तिथं गलाईच्या दुकानात होता. आम्ही तिघं स्टेशनाजवळच्या टेलिफोन बूथमध्ये गेलो. नित्यदा बाहेर उभे राहिले, काचेला जवळजवळ नाक लावून. आत तात्यांनी संपतकाकांना मराठीत सांगितलं, “गौर कर्मकार म्हनून बंगाली कारागीर हाय, त्येला गाठ. म्हनावं, तुझा दादा म्हनतोय, सोनं जमिनीत घावलं. चूक माझी हाय. पोरीच्या लग्नाला ये.” मग थोडं थांबून म्हणाले, “व्हय, मी समक्ष बघितलंय.” काचेबाहेरून नित्यदांनी भुवया उंचावून विचारलं, सांगितलं? तात्यांनी मान हलवली.

गौर लग्नाच्या दोन दिवस आधी आला. आम्ही सगळे नित्यदांच्या घरी मांडवाच्या कामाला गेलो होतो. दारात रिक्षा थांबली. चाळिशीचा, कानावरचे केस पांढरे झालेला, गुळगुळीत दाढी केलेला माणूस उतरला. नित्यदा ओसरीवर नारळ मोजून घेत होते. ते उठले, अंगणात गेले, आणि सगळ्या गल्लीसमोर खाली वाकून त्यांनी धाकट्या भावाचे पाय धरले.

बंगाल्यांमध्येच काय, कुठंच असं कुणी करत नाही. बायकांच्या तोंडून आवाज निघाला. गौर एकदम मागं सरकला, जणू पायाला विस्तव लागला. “दादा, की कोरछो, ओठो,” तो म्हणत राहिला. काय करतोस, ऊठ. नित्यदा उठेनात. “आधी म्हण, माफ केलं.” गौरचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं नित्यदांना उचललं, मिठी मारली, पण ते शब्द तो म्हणाला नाही. ते माझ्या लक्षात आलं. नित्यदांच्याही आलं असणार.

रात्री जेवताना नित्यदांनी जाहीर केलं, की तापसीचं कन्यादान गौर करेल. “मी कोण करणारा? ज्याच्यावर आळ घेतला त्यानंच आशीर्वाद द्यायचा.” जमलेल्या मंडळींनी वाहवा केली. कुणीतरी गौरच्या पाठीवर थाप मारली. तो पानातल्या माशाचे काटे काढत राहिला, काटे संपल्यावरही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आमच्या दुकानात आला. गल्ली सामसूम होती.

“मुळीकशेठ, बसू का?” त्यानं स्वच्छ मराठीत विचारलं. आई आतून चमकून बाहेर आली.

“अरे वा! मराठी?” तात्या म्हणाले.

“झवेरी बाजारात एवढी वर्षं काढली शेठ. तुमच्या लोकांच्या शिव्या खाऊन खाऊन शिकलो. शिव्या आधी आल्या, मग बाकीचं.” तो हसला, मग हसायचा थांबला. “एक विचारू? मराठीत विचारतो, म्हणजे शेजारच्याला कळायचं नाही. जमिनीतून काय निघालं? खरं सांगा.”

“निघालं ते तुमच्या दादाला दिलं.”

“मी त्या जमिनीवर लहानाचा मोठा झालो. दादासमोर बसलो. दादाच्या हातून कीस पडत नाही. माझ्याही पडत नव्हता.” त्यानं आवाज खाली आणला. “मी घेत होतो शेठ. मीच घेत होतो. रोज थोडं, नखात.”

आई भिंतीला टेकली.

“दादा मला नाजूक काम देत नव्हता. म्हणायचा, तुझा हात अजून बसला नाही. तीस वर्षांचा झालो तरी कड्याच पॉलिश करायच्या. मला माझं दुकान टाकायचं होतं. नवीन दुकानाला सोनं कोण देतो? म्हणून घेतलं. दुकान काही झालं नाही. मुंबईला गेल्यावर पहिल्याच वर्षी ते सगळं आजारपणात गेलं.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “दादानं चोर म्हटलं, ते मी सहन केलं, कारण ते खरं होतं. काल त्यानं माझे पाय धरले. ते कसं सहन करू? तुम्ही त्या मातीत कुणाचं सोनं घातलंत?”

तात्यांनी आईकडे पाहिलं. गौरनंही पाहिलं. आईनं पदराखाली हात घेतले, पण उशीर झाला होता.

“वैनी,” गौर म्हणाला.

“मला न्हवतं ठावं तुमचं,” तात्या म्हणाले. बंगाल्याशी बोलताना ते नेहमी जपून बोलत, पण त्या वेळी त्यांच्या तोंडून घरची बोली निघाली. “देवाशपथ. तुमच्या भांडनाचं ठावं असतं तर हात तोडून दिला असता, पर सोनं घातलं नसतं.”

“आता सांगू का दादाला?”

“उद्या लगीन हाय.”

“तेच म्हणतोय. उद्या मी बोहल्यावर बसून तिचा हात द्यायचा? चोरानं?”

“उद्याचा दिस जाऊ द्या,” तात्या म्हणाले. “पोरगी सासरी गेली की आपन दोघं मिळून सांगू. मी म्हनंन, मी खोटं बोललो. तुमी तुमचं सांगा. पाठीवर मार बसंल त्यो दोघं वाटून घिऊ.”

“बरं,” गौर म्हणाला. जाताना आईच्या पाया पडला. आई त्याच्यापेक्षा लहान होती.

लग्नाच्या दिवशी सकाळी गौर गंगेच्या घाटावर अंघोळीला जातो म्हणून गेला. पिशवी घेऊन गेला, हे नंतर लक्षात आलं. छोट्या रेल्वेनं गेला की हावडा गाडीनं, कुणाला कळलं नाही. दुपारपर्यंत नित्यदा दारात खुर्ची टाकून बसले होते. पुरोहितानं दोनदा विचारलं. शेवटी संध्याकाळी त्यांनीच उपास धरलेल्या पोटी तापसीचा हात जावयाच्या हातात दिला. तापसीच्या गळ्यात साधाच पण भरीव हार होता, हातांत बाले, म्हणजे जाड बांगड्या, होते. सगळ्यांनी हात लावून पाहिले. “नित्यबाबूंनी काही कमी केलं नाही,” असं बायका म्हणत होत्या. आई त्यांच्यात बसली होती, हिरव्या काचेच्या बांगड्या भरून.

“त्यानं मला माफ केलं नाही,” नित्यदा लग्नानंतर तात्यांना म्हणाले. “बरोबरच आहे. करू नये.”

तात्या त्या वेळीही बोलू शकले असते. पण आता दोघं मिळून सांगायचं ते एकट्यानं सांगायचं होतं, आणि ते सांगणं म्हणजे पळून गेलेल्या भावाच्या पाठीमागं त्याला पुन्हा चोर म्हणणं. तात्यांनी संपतकाकांकडून गौरला निरोप धाडले. तू ये, नाहीतर मला सांगायची मोकळीक दे. गौरनं काम बदललं, खोली बदलली. झवेरी बाजारात माणूस हरवायचा म्हटला तर भिंतीच्या पलीकडे हरवतो.

नित्यदा दर आठवड्याला यायचे. “मुंबईहून काही?” असं विचारायचे, चहा घ्यायचे, जायचे. कधी आम्ही गावाहून आलो की, आमचं गाव मुंबईपासून किती लांब, गाडी कुठून जाते, वाटेत दादर लागतं का, असं विचारत बसायचे. त्यांनी मुंबई कधी पाहिली नाही. त्यांना तिथली गल्ली न् गल्ली ठाऊक झाली होती.

मी बारावी झाले आणि कोल्हापूरला पुढं शिकायला निघाले, तेव्हा ते निरोप द्यायला आले. मला डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि तात्यांजवळ बाकावर बसले. वाळले होते. चहा निवून गेला तरी घेतला नाही.

“मुळीकबाबू, एक बोलतो. राग मानू नका.”

“बोला नित्यदा.”

“माझ्या जमिनीला तुमच्याऐवजी दुसरा कुणी गलाईवाला मिळाला असता तर फार बरं झालं असतं.”

तात्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

“दुसऱ्यानं काय केलं असतं? निम्म्याहून जास्त सोनं स्वतःला ठेवलं असतं. मला हरभऱ्याएवढा मणी आणून दिला असता आणि म्हणाला असता, नित्यबाबू, तुमच्या जमिनीत काही नव्हतं. मी ते मानलं असतं. पोरीला काचेच्या बांगड्यांवर धाडली असती. थोडं रडलो असतो, गौरला दोन शिव्या घातल्या असत्या आणि जेवून झोपलो असतो. माझा भाऊ चोर होता, एवढंच दुःख राहिलं असतं. त्याची मला सवय झाली होती.” ते हसले. “तुम्ही फार खरे निघालात.”

“नित्यदा, त्या जमिनीत…” तात्या म्हणाले.

नित्यदांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. “नाही नाही. तुमचा काय दोष. मी आपलं म्हातारपणाचं बोलतो.”

ते उठले. तात्या त्यांच्यामागं दारापर्यंत गेले आणि तिथंच उभे राहिले.

“आता तरी सांगायचं होतं,” आई आतून म्हणाली.

“काय सांगू?” तात्या मागं वळले नाहीत. “आज त्येच्या लेखी त्येचा भाऊ देवमानूस हाय. तेवढंच एक त्येच्याजवळ उरलंय. ते काढून घिऊ? आन बदल्यात काय दिऊ?”

“आन त्यो सोताला पापी समजून मरंल, त्येचं काय?”

नित्यदा पुढच्या आषाढात गेले. मी कोल्हापुरात होते. तात्यांनी फोनवर फक्त एवढंच सांगितलं, की नदीला पाणी खूप होतं, घाटाच्या वरच्या पायरीवरच सगळं करावं लागलं.

तात्या या चैत्रात गेले. तेजाबाच्या वाफेनं गलाईवाल्यांची फुप्फुसं जातात तशी त्यांचीही गेली. दहाव्याला कुरणवाडीतली कुलपं निघाली. अमृतसरहून, एर्नाकुलमहून, इम्फाळहून माणसं आली. प्रत्येक जण एकच बोलत होता, की तात्यांच्या भट्टीवरून कुणाचं सोनं गुंजभर कमी आलं नाही. मी सगळ्यांना चहा देत होते.

दुपारी तापसीचा फोन आला. आम्ही दोघी बंगालीत थोडं रडलो. मग ती म्हणाली, “गौरकाका गेल्या वर्षी मुंबईत गेले. त्यांच्या चाळीतल्या कुणीतरी कळवलं. एकटेच होते. मी सुतक पाळलं नाही ग. माझ्या बाबांनी सगळ्यांसमोर त्यांचे पाय धरले होते, आणि त्यांच्या तोंडून माफ केलं एवढं निघालं नाही. त्यांच्यासाठी कशाला रडू?” ती पुढं म्हणाली, “बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, मुळीकबाबूंइतका खरा माणूस आमच्या गल्लीनं पाहिला नाही. होते ना तसे?”

मी फोन कानाशी धरून उभी होते. आई समोर जाजमावर बसली होती. तिला बंगाली सगळं समजतं, पण अलीकडे ऐकू कमी येतं.

“काय म्हनतीय तापसी?” तिनं विचारलं.

“विचारतेय, तात्या खरे होते ना.”

आईनं जाजमाची सुटलेली दशी बोटाला गुंडाळली, पुन्हा सोडली.

“व्हय म्हन,” ती म्हणाली.